मदत हवी आहे: धुराड्यातला डांबरासारखा थर निघत नाही

आमच्या फायरप्लेसचं धुराडं दोन वर्षं साफ करायचं राहिलं (आळस, दुसरं काही नाही). परवा ब्रश फिरवला. भुसभुशीत काजळी भराभर पडली, पण वरच्या भागात काळा, चकचकीत, डांबरासारखा थर तसाच चिकटून आहे. हा क्रिओसोट, म्हणजे लाकडाच्या धुरातून साचणारा चिकट थर; ओली लाकडं जाळली की जास्त साचतो आणि पेटला तर धुराड्यातच आग लागते, एवढं माहीत आहे. ३ मिलिमीटर साचला की काढायलाच हवा म्हणतात, इथे नक्कीच जास्त आहे. तूर्त जाळ बंद.

असा कडक थर कुणी काढून घेतलाय का? रसायन मारून मग ब्रश, की आतलं अस्तरच बदलावं लागतं? आणि धुराडं तुंबलं की घरात साचू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म तुम्ही कुठल्या खोलीत लावलाय?