जुन्या ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये यादीबाहेरचं ग्राफिक्स कार्ड चालेल का?

मिरजेची_माधवी

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय पण सगळी माहिती एकदाच दिलेली बरी. आमच्याकडे रिफर्बिश्ड घेतलेला डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० आहे, उभा मिनी टॉवर, तो आडवा छोटा डबा नाही. प्रोसेसर आय५-३४७०, रॅम ८ जीबी, एसएसडी नंतर टाकून घेतला, विंडोज १०. माझं जीएसटीचं काम, टॅली, यूट्यूब सगळं छान चालतं त्यामुळे मशीन काढून टाकावं असं अजिबात वाटत नाही.

प्रश्न मुलीचा आहे. तिला बारावीनंतर ॲनिमेशनला जायचंय आणि आत्तापासून ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर) शिकायचंय, पण नवीन ब्लेंडर उघडतच नाही, ओपनजीएल ४.३ (ग्राफिक्स दाखवायची एक पद्धत) वालं कार्ड पाहिजे असा मेसेज येतो आणि बंद. जुनं ३.६ टाकून दिलं तर ते उघडलं, पण ती ज्या व्हिडिओंवरून शिकते ते सगळे नव्या व्हर्जनचे आहेत, बटणं सापडत नाहीत, अर्धा वेळ त्यातच जातो, आणि साधा सीन रेंडरला, म्हणजे पक्कं चित्र काढायला, लावला तरी जेवण उरकून आलं तरी चालूच असतो.

इथल्या दुकानदाराने तीन कार्डं सुचवली. एक वापरलेलं एएमडीचं आरएक्स ५८०, ८ जीबी, त्याला पॉवर कमी पडेल म्हणून साटाच्या (हार्डडिस्कला पॉवर देणाऱ्या) वायरीवरून कन्व्हर्टर लावून देतो म्हणाले. दुसरं इंटेलचं आर्क ए३८०, नवं. तिसरं एनव्हिडियाचं जुनं जीटीएक्स ७५० टीआय, सगळ्यात स्वस्त. मी डेलची कार्डांची यादी बघितली तर त्यात यातलं एकही नाही. म्हणजे लावूच नये का? पॉवर सप्लायवर २७५ वॉट लिहिलंय. मॉनिटर जुना आहे, फक्त व्हीजीए. बजेट १० हजार, फार तर १२.

आडवा_डबा

ताई एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, डेलने २०२३ मध्ये ऑप्टिप्लेक्स ७०१० हेच नाव परत वापरलंय नव्या मशीनला, त्यात १३ व्या पिढीचे प्रोसेसर येतात. त्यामुळे यूट्यूबवर "७०१० मध्ये अमुक कार्ड चाललं" असं दिसलं की आधी बघा कुठला ७०१० आहे. तुमचा २०१२ चा, क्यू७७ चिपसेटवाला. नाव एक असलं तरी दोन्ही मशीन पूर्ण वेगळी आहेत.

बोर्डरिपेअर_सातारा

माधवीताई, डेलच्या यादीत नाही म्हणून घाबरू नका. ती यादी म्हणजे त्या काळात त्यांनी स्वतः मशीनबरोबर विकलेली, तपासलेली कार्डं. २०१२ च्या यादीत २०१९ चं कार्ड कुठून येणार. यादीत नसणं म्हणजे कंपनीची जबाबदारी नाही एवढंच. पण याचा अर्थ काहीही लावा असाही नाही. कार्ड तीन ठिकाणी अडू शकतं, करंट, बायोस (मशीन चालू होताना बोर्डावर चालणारा प्रोग्राम), आणि तुम्ही जे सॉफ्टवेअर वापरणार ते. दुकानदाराची तीनही कार्डं यातल्या कुठल्या ना कुठल्या ठिकाणी अडतात.

आरएक्स ५८० तर नकोच. ते कार्ड १८५ वॉटचं आहे. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, उरलेले त्या ८-पिनच्या वायरीतून आले पाहिजेत आणि तुमच्या सप्लायला ती वायरच नाही. आता साटा कन्व्हर्टरचं गणित बघा. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. आणि ८-पिनचं कार्ड तिथून १५० वॉटपर्यंत ओढेल असं धरलेलं असतं. माझ्या टेबलावर असे कनेक्टर वितळून काळे झालेले येतात, काही वेळा शेजारची हार्डडिस्क पण घेऊन जातात. मुलगी रात्रभर रेंडर लावून झोपणार आहे, त्या मशीनमध्ये हा जुगाड करू देऊ नका, दुकानदार कितीही खात्री देऊ दे.

आर्क ए३८० कार्ड म्हणून वाईट नाही, ब्लेंडर त्याला ओळखतंसुद्धा. पण त्याला रिसायझेबल बार लागतं. जुन्या पद्धतीत प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीतला २५६ एमबीचा तुकडाच एका वेळी दिसतो, रिसायझेबल बार चालू असेल तर सगळी मेमरी एकदम दिसते, आणि इंटेलने ही कार्डं तेच धरून बनवलीयत. इंटेल स्वतः सांगतं की १० व्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर घ्या. तुमचा तिसऱ्या पिढीचा आहे, बायोसमध्ये तो पर्यायच नाही. कार्ड कदाचित चालू होईल पण पैसे दिले तेवढं काम मिळणार नाही. बायोस मॉड करून हे जमवणारे लोक आहेत, पण ज्या मशीनवर घरचं जीएसटी चालतं तिथे मी ते करणार नाही.

७५० टीआय. हे ६० वॉटचं, वेगळी वायर लागत नाही, तुमच्या मशीनमध्ये निमूट चालेल. पण मेमरी २ जीबी, आणि एनव्हिडियाने मॅक्सवेल (७५० टीआय याच पिढीचं) आणि पास्कल या दोन्ही पिढ्यांचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता फक्त सिक्युरिटीचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत. म्हणजे पास्कलचं १०५० टीआय पण त्यातच आलं. आज शिकायला सुरुवात करणाऱ्या मुलीला हे घेऊन देणं मला पटत नाही.

माझं मत, एनव्हिडियाचं ट्युरिंग, म्हणजे त्यापुढच्या पिढीचं कार्ड बघा. जीटीएक्स १६५०, ४ जीबी, ७५ वॉट, पण वेगळ्या पॉवर वायरीशिवायचं मॉडेल. १६५० ची बरीच मॉडेल ६-पिनवाली असतात, त्यामुळे कार्डाच्या कडेचा फोटो मागून बघा. तेवढ्या बजेटमध्ये वापरलेलंच मिळेल.

रेंडर_रात्र

मी वेगळं सांगतो. ७०१० मिनी टॉवरला साधा २४-पिनचा एटीएक्स सप्लाय लागतो (९०२० पासून डेलने ८-पिनचा स्वतःचा कनेक्टर आणला, तिथे ॲडॅप्टर लागतो), तर चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा सप्लाय टाका आणि आरएक्स ५८० च घ्या, ८ जीबी मेमरी त्या किमतीत दुसरीकडे मिळत नाही. फक्त २०४८एसपी लिहिलेलं घेऊ नका, त्यात २३०४ ऐवजी २०४८ कोअर असतात.

बोर्डरिपेअर_सातारा

सप्लाय बदलला तर करंटचा प्रश्न सुटतो हे मान्य, आणि गेम खेळायचे असते तर मी पण हेच म्हणालो असतो. पण त्यांना ब्लेंडर पाहिजे. ब्लेंडर ३.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२१ ला, सायकल्समधून (ब्लेंडरचं रेंडर करणारं इंजिन) ओपनसीएल, म्हणजे कार्डावर रेंडर चालवायची जुनी सोय, काढून टाकलं. त्याजागी एएमडीसाठी एचआयपी आलं आणि त्यात आरएक्स ५८० नाही. म्हणजे ब्लेंडर उघडेल, मॉडेलिंग होईल, पण रेंडर परत त्या आय५ वरच. ताईंचा अर्धा प्रश्न तिथेच राहतो.

रेंडर_रात्र

हे मात्र बरोबर आहे. मी रेंडर दुसऱ्या मशीनवर करतो म्हणून लक्षात आलं नव्हतं. मग एनव्हिडियाच घ्या ताई.

प्रभात_रोड

१६५० शोधताना एनव्हिडिया टी६०० पण बघा. ऑफिसच्या वर्कस्टेशनमधून निघालेली मिळतात, खेळणारी मुलं ती घेत नाहीत त्यामुळे भाव बरा असतो. तीच ट्युरिंग चिप, ४ जीबी, फक्त ४० वॉट, बारीक आणि बुटकं कार्ड, त्यामुळे आडव्या डब्यात पण बसतं. कोअर ६४०, १६५० ला ८९६, तेवढा वेग कमी. माझ्याकडे २७५ वॉटचा इतका जुना सप्लाय असता तर मी टी६०० च घेतलं असतं, कारण जुने सप्लाय छापलेले वॉट आयुष्यभर देत नाहीत.

आणि मॉनिटरचं कोणी बोललंच नाही. टी६०० ला चार मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, १६५० ला एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, काहींना डीव्हीआय-डी. व्हीजीए कशालाच नाही. डीव्हीआय-डी मध्ये ॲनालॉग सिग्नलच नसतो त्यामुळे ते स्वस्तातलं पांढरं प्लगवालं कन्व्हर्टर चालणार नाही, आत चिप असलेलं ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या.

आणि कोणी "१०५० टीआय आहे, व्हीजीए पोर्टसकट" म्हणून स्वस्तात द्यायला लागलं तर सावध राहा. जुन्या फर्मी पिढीच्या चिपवर खोटा बायोस टाकून अशी कार्डं विकतात. पैसे द्यायच्या आधी दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवायला लावा, खोटं कार्ड असेल तर ते नावापुढे फेक असं दाखवतं.

मिरजेची_माधवी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं समजावून दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. टी६०० इथे मिळालं नाही, पुण्याहून मागवलं तर तपासून घेता येणार नाही म्हणून सांगलीत १६५० बघितलंय, बिनवायरीचं, जीपीयू-झेड मध्ये बरोबर आलं. बसवायच्या आधी काही करायचं आहे का?

बोर्डरिपेअर_सातारा

हो. कार्ड बसवायच्या आधी डेलच्या साइटवरून शेवटचा बायोस टाकून घ्या, इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर मशीन ठेवून, मध्ये लाइट गेली तर बोर्ड जातो. बायोस बॅटरी, सीआर२०३२, इतक्या वर्षांत बदलली नसेल तर आत्ताच बदला.

बोर्डवर दोन लांब स्लॉट दिसतील, त्यातल्या एकाला खऱ्या १६ लेन (डेटा जायच्या वाटा) आहेत, दुसरा दिसायला तसाच पण ४ लेनचा. झाकणाच्या आतलं किंवा मॅन्युअलमधलं चित्र बघून पहिल्यातच लावा. कार्डाची लांबी ड्राइव्हच्या पिंजऱ्याला आणि साटाच्या वायरींना अडत नाही ना तेही बघा. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाच्या व्हीजीएला नाही, कारण कार्ड बसलं की बोर्डाचं आउटपुट बहुतेक बंद होतं. स्क्रीन काळीच राहिली तर कार्ड काढा, बोर्डाच्या व्हीजीएवरून बायोसमध्ये जा आणि बूट मोड (मशीन चालू व्हायची पद्धत) जुन्या लेगसीवर आहे की नव्या यूईएफआयवर ते इथे लिहा. मोड लगेच बदलू नका, विंडोज ज्या मोडमध्ये टाकलंय त्यातूनच उठतं.

आडवा_डबा

आणि रॅम. चार स्लॉट आहेत, ३२ जीबीपर्यंत जातं, डीडीआर३ आता स्वस्तात मिळते. ब्लेंडरला ८ जीबी कमीच पडणार.

मिरजेची_माधवी

कार्ड बसलं, बायोस अपडेट करून घेतला होता, पहिल्याच वेळी चालू झालं. नवीन ब्लेंडर उघडतंय, मुलगी खूप खूश आहे, काल एक दिवा आणि तांब्या बनवला तिने. पण रेंडर अजून तितकंच हळू आहे, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के आणि कार्ड बसून. ड्रायव्हर चुकलाय का?

बोर्डरिपेअर_सातारा

ड्रायव्हर ठीक असणार, ब्लेंडरला आपणहून सांगावं लागतं. एडिट मेनूत प्रेफरन्सेस, तिथे सिस्टम, वर सायकल्स रेंडर डिव्हाइसेस मध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडिया कार्डावर रेंडर करायची पद्धत) निवडा आणि कार्डाच्या नावासमोर टिक करा. मग उजवीकडच्या रेंडर प्रॉपर्टीजमध्ये इंजिन सायकल्स आणि डिव्हाइस जीपीयू कम्प्यूट, हे प्रत्येक फाइलमध्ये वेगळं बघावं लागतं. ऑप्टिक्स नाही चाललं तर तिथलीच दुसरी पद्धत, क्युडा, घ्या.

मेमरी ४ जीबी आहे त्यामुळे मोठे टेक्स्चर (मॉडेलवर चढवायची चित्रं) घेतले की आउट ऑफ मेमरी येईल, तेव्हा त्याच रेंडर प्रॉपर्टीजमध्ये खाली सिम्प्लिफाय चालू करून टेक्स्चर लिमिट २०४८ वर ठेवा. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. जीएसटीचं काम त्यावरच असेल तर तो विषय वेगळ्या धाग्यात काढा, त्यावर लिहायला बरंच आहे.

मिरजेची_माधवी

झालं! तांब्याचं रेंडर आता चहा होईपर्यंत होतं. विंडोजचा धागा रविवारी काढते.