मदत हवी आहे: घरातली माहिती घरातच ठेवणारं स्मार्ट होम कोणतं?

सांजदिवा: दिवे, पंखे आणि दाराचा सेन्सर एका ॲपवरून चालवायचे आहेत. पण आम्ही कधी झोपतो, कधी बाहेर पडतो हे कुठल्याच कंपनीच्या सर्व्हरवर जायला नको. हे सगळं चालवणाऱ्या प्रणालींपैकी होम असिस्टंट, ओपनहॅब, हुबिटॅट की ॲपलचं होमकिट? वाचून वाचून डोकं भणाणलंय. कृपया एकच नाव सांगा, याच आठवड्यात घ्यायचंय.

रानवारा: आत्ता काय काय आहे? वायफायचं की झिगबी (स्मार्ट उपकरणांसाठीचं वेगळं बिनतारी नेटवर्क)?

पाणचक्की: होम असिस्टंट, डोळे झाकून. २०१३ पासून चालू आहे, मुक्त स्रोत आहे, म्हणजे कोड कुणालाही बघता येतो. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पुरतो. फक्त एसडी कार्डाऐवजी एसएसडी डिस्क लावा, सतत लिहून कार्डं खराब होतात.

उंबरठा: डोळे झाकून कसं? दर महिन्याला नवी आवृत्ती येते, घरातल्या बाकीच्यांनी ते कसं सांभाळायचं? हुबिटॅटचा डबा आणा, दिवा कधी लागायचा वगैरे नियम त्यातच चालतात.

पाणचक्की: त्याचा कोड बंदिस्त आहे. आत काय चालतं ते तपासणार कसं?

गवाक्ष: कॅमेऱ्यांसाठी फ्रिगेट हे सॉफ्टवेअर बघा. माणूस की गाडी, हे घरच्याच संगणकावर ओळखतं.

सांजदिवा: कॅमेरा नाहीये! दिवे-पंखे सगळे वायफायचे, सेन्सर घ्यायचाय. नेट गेलं की ॲपमध्ये सगळंच 'ऑफलाइन'.

रानवारा: मग खरी अडचण उपकरणांची आहे. होम असिस्टंट लावूनही ती बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडमार्फत, म्हणजे तिच्या सर्व्हरवरून, चालत राहू शकतात. होम असिस्टंटच्या साइटवर तुमच्या उपकरणाच्या इंटिग्रेशनच्या (जोडणीच्या) पानावर 'लोकल' लिहिलंय की 'क्लाउड', ते आधी बघा. आत ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ चिप असेल तर बऱ्याचदा मूळ सॉफ्टवेअरच्या जागी टास्मोटा हे क्लाउडशिवाय चालणारं सॉफ्टवेअर टाकता येतं. सेन्सर झिगबीचाच घ्या. त्याला आयपी पत्ता नसतो, तो स्वतःहून इंटरनेटवर जाऊच शकत नाही. सेन्सर जोडणारा हब मात्र कंपनीचा नको, होम असिस्टंटच्या संगणकाला लावायचा झिगबीचा यूएसबी डोंगल घ्या आणि एक्स्टेन्शन वायरवर लावा. यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी सिग्नल बिघडतो.

उंबरठा: मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकाचा शिक्का बघून घ्या, प्रश्न मिटला.

रानवारा: मिटत नाही. मॅटरमुळे आज्ञा घरच्या नेटवर्कवरून जातात हे खरं, पण ॲप कंपनीचंच ठेवलं तर ते नोंदी बाहेर पाठवू शकतं.

सांजदिवा: म्हणजे होम असिस्टंट आणि झिगबी. आणि बाहेरगावाहून दिवा बंद करायचा असेल तर?

पाणचक्की: वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारा व्हीपीएन. राउटरवर होम असिस्टंटचा पोर्ट इंटरनेटला थेट उघडू नका.

रानवारा: आधी दिव्या-पंख्यांचे मॉडेल क्रमांक टाका. त्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.