अप्रकाशित दंडार-गीताच्या दोन कॅसेट: टेक वेगळे की एकाची कॉपी?

झाडीपट्टी_संग्रह:
साकोली-लाखांदूर भागातल्या एका दिवंगत शाहिरांचं दंडारीतलं (झाडीपट्टीचं लोकनाट्य) गाणं आहे, कधीच बाजारात आलं नाही. दोन सी-९० कॅसेट मिळाल्या. 'अ'मध्ये पट्टी काळी एक, गाणं ६ मिनिटं २० सेकंद. 'ब'मध्ये पांढरी दोन, ५ मिनिटं ५९ सेकंद. बोल तेच, ढोलकी-पेटी-टाळ तेच. 'ब'च्या शेवटी निवेदक "गोंदिया जिल्ह्यातील मंडळ" म्हणतो. 'अ'मध्ये तो भाग नाही. 'ब'च्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसते. दोन वेळा गायले असावेत (म्हणजे टेक वेगळे), की एकाच गायनाची ही कॉपी? साल कसं ठरवायचं?

टेपमिस्त्री:
भाऊ, आकडे तुम्हीच दिले आहेत. ३८० सेकंद भागिले ३५९, म्हणजे १.०५८. काळी एक ते पांढरी दोन म्हणजे अर्धा सूर, आणि त्याचं गुणोत्तर १.०५९. गायक पट्टी चढवतो तेव्हा गाणं नेमकं त्याच प्रमाणात आखूड होत नसतं. टेपचा वेग बदलला तरच सूर आणि वेळ असे जोडीनं हलतात. एकच टेक असण्याची शक्यता फार मोठी.

खात्री करायची तर ऑडॅसिटीत (संगणकावरचा ध्वनी-संपादक) 'ब'चा वेग ५.६ टक्के कमी करा. सूर आणि वेळ एकत्र बदलणारा पर्याय घ्या, नुसता टेम्पो नको. मग दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून ढोलकीचे ठोके जुळवा. सुरुवातीचे जुळले आणि मधले पुढे-मागे हेलकावत असतील, तर टेक वेगळे. फरक एकाच दिशेनं हळूहळू वाढत असेल तर ते सेल उतरल्याचं लक्षण, टेक एकच. ध्वनिमुद्रण करताना सेल मंदावले की टेप हळू फिरते, आणि नीट वेगावर वाजवली की सूर चढलेला ऐकू येतो. पेटी एका गाण्यात आपोआप चढत नाही, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या कडव्यातला पेटीचा सा मोजून पाहा.

पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. ती कॅसेट आत्ता लावूच नका, हेडवरून दुसऱ्या कॅसेटवर जाईल. सिलिका जेलसोबत बंद डब्यात काही दिवस सुकवा, मग तोंडावर मास्क लावून उघड्यावर साफ करा. कॅसेट स्क्रूवाली असेल तर टेप दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात (प्लास्टिकच्या कवचात) घाला. जुन्या खोक्यातली हेडसमोरची फेल्टची गादी बहुतेक गळालेलीच असते. वाजवायच्या आधी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही टॅब (पुन्हा रेकॉर्ड होऊ देणारे प्लास्टिकचे तुकडे) तोडा, नाहीतर एखाद्यानं चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं की संपलं.

खर्ज_पंचम:
वेग ठरवायला विजेची ५० हर्ट्झची गुणगुण वापरतात, पण आपल्याकडे जरा जपून. त्या काळी ग्रिडची वारंवारता बरीच हलायची, आणि मंडईच्या (झाडीपट्टीतल्या जत्रेच्या) रात्री जनरेटर असेल तर विचारूच नका. त्यापेक्षा पेटी बरी, तीही थोडी उतरलेली असू शकते हे धरून.

मूळ कोणती आणि कॉपी कोणती, यासाठी मात्र गुणगुण कामाची. ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या वारंवारतांचा आलेख) खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा नमुन्यांचा तुकडा, ६५५३६ ठेवा. कॉपीत बहुधा दोन रेषा दिसतील, एक मूळ मुद्रणाची आणि एक कॉपी करतानाची. शिवाय हिस्स (टेपची सळसळ) जास्त आणि बटणाचे खटके दोनदा. वाजवताना डेकवरचं डॉल्बी (सळसळ कमी करणारं बटण) बंद ठेवा.

'अ' दबकी वाटली तर हेडचा अझिमथ स्क्रू (हेडचा टेपशी असलेला कोन बदलणारा) कॅसेटप्रमाणे फिरवा: आवाज मोनो करून टाळांची किणकिण सगळ्यात उघडी ऐकू येईल तिथं थांबा, आणि काम झालं की स्क्रू जागेवर आणा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या. कच्ची फाईल तशीच ठेवा, आवाज साफ करायचा तो तिच्या प्रतीवर.

वैनगंगा_काठ:
सालासाठी निवेदकाचं वाक्य धरा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा ते निवेदन त्यानंतरचं. पण गाणं संपताना आणि निवेदन सुरू होताना मधे खटका आहे का, ते ऐका राजेहो. खटका नसेल आणि मागचा गलका व गुणगुण सलग चालू असेल, तरच गाण्यालाही तेच साल लागू. खटका असेल तर निवेदन मागून जोडलेलं, आणि गाणं जुनंही असू शकतं. मागच्या बाजूला रेडिओ बातम्यांचा तुकडा उरला असेल तर तोही तपासा. त्यात एखादी घटना सापडली तर दिवससुद्धा कळतो. खोक्यावरच्या ब्रँडवरून साल काढू नका, कोऱ्या कॅसेट वर्षानुवर्षं दुकानात पडून असत आणि पुसून पुन्हा भरल्या जात.

टेपमिस्त्री:
आणि गाणं नेटवर टाकायच्या आधी वारसांची लेखी परवानगी घ्या. गीताचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, कलावंताचा सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. पेटी-ढोलकीवाल्यांची नावं मंडळाच्या जुन्या लोकांना विचारून फाईलसोबत लिहून ठेवा, ती कॅसेटवर कुणी लिहीत नाही.