विषय: भाच्याला एका दिवसाची रजा

प्रेषक: शहापूरची, मस्कत

मंडळींनो, नमस्कार.
दिवाळी फराळाच्या यादीत मध्येच हे घालतेय, रागावू नका. बहिणीचा मुलगा बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणाऱ्या) आहे, कंत्राटदाराकडून. मार्चमध्ये लागला. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून मुलाखतीला बोलावणं आलंय, येत्या मंगळवारी सकाळी साडेदहाला. रजेचं नाव काढलं की सुपरवायझर "कुठं जाऊलास? कशाला जाऊलास?" करत पाठ सोडत नाही. गणपतीत दोन दिवस घेऊन झालेत. बहीण म्हणते, ताप आला म्हणून सांग. मला ते पटेना. आपल्यातले निम्मे उद्यमबागेचं तेल अंगाला लावूनच इकडे आलेत, म्हणून विचारतेय.

प्रेषक: खानापूरकडचा, बहारीन

ताई, ताप नको. तो ताप मी काढलाय.
मी शिरोलीला मुलाखतीला निघालो होतो, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. निपाणी स्टँडवर गाडी थांबली म्हणून चहाला उतरलो, तर समोर आमच्याच कंपनीचा टेम्पो. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेऊन कोल्हापूरला चाललेला. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि म्हणाला, "ताप उतरला वाटतं!" मी परत येईपर्यंत गेटवरच्या वॉचमनलासुद्धा माहीत होतं. तिकडं नोकरी लागली नाही ती नाहीच, इकडं वर्षभर मला सगळे तब्येत विचारायचे.
बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्ही फाउंड्रीची गावं. माल रोज येतो-जातो, माणसं त्याच हायवेवर. तिथं खोटं बोलायचं तर निदान गोव्याच्या बाजूला जातो म्हणावं.

प्रेषक: टिळकवाडीची, दोहा

बारा वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसला, हजेरी-रजा बघण्यात, काढली आहेत, म्हणून थोडं लिहिते.
आधी हिशेब. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात एका वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांना एक दिवस पगारी रजा मिळायची; आता त्या जागी नवा कायदा आलाय. पगारी रजा कंत्राटी कामगारालाही असते. पण मुलगा मार्चमध्ये लागलाय, त्याची पगारी रजा शिल्लक आहे का ते आधी बघावं. नसेल तर मागायची ती बिनपगारी. म्हणजे पैसे त्याचेच कापले जाणार. एवढा हिशेब डोक्यात असला की मागताना मान खाली जात नाही.
ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, डॉक्टरकडून खोटा दाखला तर चुकूनही नको. आजारपणाच्या भत्त्यासाठी खोटी माहिती देणं हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो कागद सरकारी दप्तरात राहतो.
कारण एकच लिहायचं: खासगी काम. तोंडी विचारलं तरी तेच. माझ्याकडे दोन पानी अर्ज यायचे, आजीचं ऑपरेशन, मामाची जमीन, म्हैस व्याली. जितकं लांबलचक, तितकं आम्ही गालात हसायचो.
आणि खरं तर रजा मागण्याआधी कागलला फोन करावा. "पाळी सोडून येता येत नाही, दुसरी वेळ मिळेल का?" असं विचारण्यात लाज नाही. बोलावणाराही कारखानाच चालवतो, त्याला पाळी कळते. फक्त रात्रपाळी करून तसंच जाऊ नये. सीएनसीवाल्याच्या हातात मायक्रोमीटर देऊन जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मोजायला लावतात. झोप नसलेल्या डोळ्यांना मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसत नाही.

प्रेषक: निपाणीचा, दुबई

एक सुचवतो. १ नोव्हेंबरला, राज्योत्सवाची, कर्नाटकात कारखान्यांना पगारी सुट्टी असते, महाराष्ट्रात नसते. कागल सीमेपलीकडे, तिकडं त्या दिवशी काम चालू. मुलाखत त्या दिवशी मागून घ्या, रजेचा प्रश्नच नाही.

प्रेषक: शहापूरची, मस्कत

दादा, डोकं चांगलं चालतं तुमचं. पण त्याच दिवशी निघणारी काळ्या दिनाची फेरी, मराठी सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, आमच्या घरात कुणी चुकवत नाही, माझे वडील चुकवत नव्हते. शिवाय त्या दिवशी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर काय अडवतील आणि एसटी सुटेल की नाही, कोण सांगणार? मुलाला सांगितलं तर तोच म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी तिकडं नाही जाणार."

प्रेषक: शहापूरची, मस्कत

सगळ्यांना कळवायचं राहिलं. मुलानं कागलला फोन केला. ते म्हणाले, गुरुवारी नऊला ये. त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी, तीनला सुरू. पहाटेच्या कोल्हापूर गाडीनं गेला, दोन जॉब मोजले, एक प्रोग्राम वाचून दाखवला. कळवतो म्हणालेत.
परत येताना गाडीला वेळ लागला तर म्हणून त्यानं आदल्या दिवशीच सुपरवायझरला सांगून ठेवलं होतं, खासगी काम आहे, अर्धा तास उशीर होईल. सुपरवायझर म्हणाला, "ये की." आणि वर विचारलं, "कागलात गिअरवाल्याकडं का कास्टिंगवाल्याकडं?"
फराळात माझ्या नावावर चिरोटे लिहा.