जुन्या सोसायटीत फ्लशच्या टाक्या बदलण्याची सक्ती करता येते का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. आमची अठ्ठावीस सदनिकांची सात मजली सोसायटी आहे. बहुतेक घरांत अजून दहा लिटरच्या फ्लशच्या टाक्या आहेत. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, म्हणून सर्व घरांत दुहेरी फ्लशच्या (पूर्ण आणि अर्ध्या फ्लशसाठी वेगळी बटणे असलेल्या) टाक्या आणि नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार आवरणारी, नळाच्या तोंडाची जाळी) बसवण्याचा ठराव वार्षिक सभेत मांडायचे समितीने ठरवले आहे. दोन सभासदांचा आक्षेप असा की, कायद्यात असे बंधन नसताना सोसायटीने घरातल्या नळांना हात लावू नये. जायकवाडीसाठी गंगापूर धरणसमूहातून पाणी सोडण्याची वेळ आली की आपण सगळे कळवळतो, आणि इकडे तेच पाणी दहा-दहा लिटरने गटारात सोडतो, याचे मला फार वाईट वाटते. या विषयावर नेमका कायदा काय आहे?

उत्तर १ (गंगापूर रोड)

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने चुकीचे नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये पाण्याची बचत करणाऱ्या प्लंबिंग उत्पादनांसाठी आयएस १७६५० हे मानक काढले. त्याच्या पहिल्या भागात कमोड, टाक्या वगैरे येतात, तर दुसऱ्या भागात नळ आणि शॉवर. परंतु मानक म्हणजे कायदा नव्हे. भारतीय मानक ब्युरो अधिनियम, २०१६ च्या कलम १६ खाली केंद्र सरकारने आदेश काढला, तरच त्या वस्तूवर मानकचिन्ह सक्तीचे होते, आणि तेव्हाही बंधन येते ते बनवणाऱ्यावर व विकणाऱ्यावर. पाणीपुरवठा हा राज्यसूचीतील विषय आहे. आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. अशा नियमांचा रोख मुख्यतः नव्या बांधकामांवर असतो, तुमच्या जुन्या टाकीपर्यंत ते पोहोचत नाहीत.

परदेशातही बहुधा हीच पद्धत आहे. अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्याने नव्या शौचकूपांची मर्यादा सुमारे सहा लिटरवर आणली, ती उत्पादनावर. ऑस्ट्रेलियाच्या २००५ च्या कायद्याने विक्रीच्या वस्तूंवर पाणीवापराची चिठ्ठी सक्तीची केली. घरातल्या जुन्या वस्तू बदलायला लावणारे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. तेथे २००९ च्या कायद्याने १९९४ पूर्वीच्या घरांतील जुनी उपकरणे बदलण्यासाठी २०१७ आणि २०१९ अशा मुदती घालून दिल्या. असा कायदा आपल्याकडेही व्हावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २ (पाथर्डी फाटा, प्लंबिंगच्या कामातील अनुभव)

कायद्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे, नुसती टाकी बदलू नका. कमोडचे जुने भांडे दहा लिटरच्या लोटासाठी घडवलेले असते. त्यावर सहा लिटरची टाकी बसवली की एका फ्लशमध्ये ते स्वच्छ होत नाही, माणूस दोनदा बटण दाबतो आणि बारा लिटर जातात. अमेरिकेत सुरुवातीच्या कमी पाण्याच्या शौचकूपांबद्दल हीच तक्रार होती, म्हणून २००३ पासून तेथे भांडे व टाकी यांची एकत्र कामगिरी तपासण्याची चाचणी सुरू झाली. भांडे बदलायचे म्हणजे फरशी फोडणे आले, आणि खर्चाचा खरा आकडा तिथे आहे. म्हणून एका घरात आधी करून पाहावे.

एरेटरचेही तसेच. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली गेल्यावर सुमारे एक बार दाब वाढतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर धार बारीक असते आणि तळमजल्यावर जोरात येते. दाब चौपट झाला की प्रवाह जवळपास दुप्पट होतो. साधी जाळी वरच्या मजल्यावर त्रास देईल. खालच्या मजल्यांसाठी दाबानुसार प्रवाह आवरणारे एरेटर घ्या. बोअरचे पाणी वापरत असाल, तर क्षार साचतात. काही महिन्यांनी जाळी लिंबाच्या पाण्यात बुडवून साफ करावी लागते.

उत्तर ३ (पंचवटी, एका सोसायटीचे सचिव)

आमच्या सभेत वाद पैशावरच अडला होता. आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार सदनिकेतील नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटला जातो, म्हणजे जो बचत करतो त्याला कमी भरावे लागत नाही. प्रत्येक घराला मीटर बसवण्याचा ठराव आम्ही आधी केला आणि टाक्यांचा विषय नंतर घेतला. दरम्यान गळत्या टाक्या आपोआप दुरुस्त झाल्या.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. हिशेब करून पाहिला: चार माणसांच्या घरात प्रत्येकी पाच फ्लश धरले, तर आज २०० लिटर जातात, सहा-तीन लिटरच्या दुहेरी फ्लशने एक पूर्ण आणि चार अर्धे धरले, तर ७२. अठ्ठावीस घरांत रोज साडेतीन हजार लिटरांची बचत. रविवारी समिती प्रत्येक मजल्यावर बादली आणि घड्याळ घेऊन नळाचा प्रवाह मोजणार आहे, आणि नवे भांडे पहिल्यांदा माझ्या घरी बसेल.