एमबीबीएसच्या फायनल इयरला ऱ्हुमॅटॉलॉजीचे (सांधेविकारांच्या विभागाचे) दोन आठवडे सक्तीचे करावेत का?

निशाचर: छातीला स्टेथो लावायला आमच्यातले सगळे पुढे, पण सुजलेलं बोट हातात आलं की सगळे एकमेकांची तोंडं बघतात. आमवात (आरए, सांधे सुजवणारा आजार) आम्ही शिकलो तो वाकड्या बोटांच्या फोटोवरून, पण तोवर आजार कितीतरी वर्षं पुढे गेलेला असतो, सुरुवातीला हात बघून काहीच वाटत नाही आणि बोटांच्या मुळाशी आडवं हलकंसं दाबलं की पेशंट कळवळतो. हे फोटोत कसं कळणार? माझं मत, सक्ती करा.

जुनंखोड: स्किनवाले दोन आठवडे मागतात, ईएनटीवाले मागतात, आता तुम्ही. अरे वर्षाला आठवडे ५२च. 'गाल्स' ही सांध्यांची झटपट तपासणी १९९२ पासून आहे. सांधे, स्नायू, पाठ दुखते किंवा आखडते का, कपडे एकट्याने घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का, एवढे तीन प्रश्न, मग चाल, हात, पाय, मणका बघायचा. काही मिनिटांचं काम, मेडिसिन वॉर्डात कर की.

निशाचर: काका, यातले बहुतेक पेशंट ॲडमिटच होत नाहीत! वॉर्डात कोणाचे सांधे दाबू?

पेनहरवलेली: मी केलेत दोन आठवडे, कोपऱ्यात उभं राहून. सर डोस बदलणार, मी मान डोलावणार, एका सांध्याला हात लावला नाही. शिकले ते एका दुपारी, आमवाताच्या एका जुन्या पेशंट बाईंकडून. त्यांनीच माझे अंगठे धरून स्वतःच्या पेरावर ठेवले, "अगं एवढ्या जोरात नको, एकाने दाब आणि दुसऱ्याखाली काय होतं ते बघ." मऊ, पिठाच्या गोळ्यासारखं लागलं, आणि शेवटच्या पेरावरची गाठ मात्र हाडासारखी टणक, ती झिजेची. तेव्हा आठवडे मोजू नका, किती सांधे हाताखालून गेले ते मोजा.

जुनंखोड: हे पटलं. पण ओपीडीतून आलेली पोरं प्रत्येक गुडघेदुखीला आरए फॅक्टर, आमवाताची रक्ताची टेस्ट, लिहितात त्याचं काय? शंभरात साधारण पाच धडधाकट माणसांतही तो पॉझिटिव्ह येतो, मग घाबरवत बसा.

निशाचर: उलट आहे हो, हात लावता येत नाही म्हणून तर टेस्ट लिहितात!! आणि निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही असंही नसतं.

पेनहरवलेली: आणि आमवाताचं औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे पेशंटला समजावून सांगायची प्रॅक्टिस कुठल्या वॉर्डात होते काका? रोज घेतलं तर जिवावर बेततं.

जुनंखोड: बरं बाई, एक आठवडा. दोन नाही.