कुलर लावला तर धूर आत, खिडकी लावली तर उकाडा. दम्याच्या आईला मे महिन्यात कसं सांभाळू?

नमस्कार मंडळी,

मी चंद्रपूरची. घरात आई आहे, वय 68. दमा जुनाच, गेल्या वर्षी डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असल्याचं सांगितलं. घरात कुणी कधी बिडी ओढली नाही, पण लग्नानंतरची वीस-बावीस वर्षं तिनं कोळशाच्या सिगडीवर स्वयंपाक केलाय. शिवाय बीपीची गोळी, आणि पायांवर सूज येते म्हणून लघवीची गोळीही चालू आहे.

आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. चंद्रपूरच्या उन्हाबद्दल वेगळं काय सांगायचं, 45-46 अंश म्हणजे आमच्याकडे बातमी नाही. डोक्याला दुपट्टा, कैरीचं पन्हं, माठाचं पाणी, अकरा ते पाच दारं लावून घरात, हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलंय. नुसतं ऊन असतं तर मी इथे विचारायला आले नसते. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चंद्रपूरचं नाव घातलं होतं, हे इथल्या पुष्कळांना आठवत असेल. ऊन आणि हवा दोन्ही एकदम अंगावर येतात, तिथे माझी मती चालत नाही.

आमचा कुलर खिडकीत बाहेरून लावलेला, मोठा लोखंडी. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो, आणि ती बाहेर जावी म्हणून समोरचं दार थोडं उघडं ठेवावं लागतं. म्हणजे दिवसभर बाहेरची हवा घरातून वाहत असते. गेल्या रविवारी टाकी धुतली तर तळाशी बोटभर काळा गाळ. चिमटीत धरून चोळला तर रवाळ लागला, आणि बोटांच्या रेषांत बसलेली काळी साबणानं दोनदा धुतल्यावर गेली. हे टाकीत उतरलेलं. जे उतरलं नाही ते आईच्या छातीत गेलं असणार, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी साडेसहाला मागच्या गल्लीत दोन घरी सिगड्या पेटतात. पाच मिनिटांत आईला खोकल्याची उबळ येते, "खिडकी लाव गं" म्हणते. खिडकी लावून कुलर चालू ठेवला तर खोलीत दमटपणा साचतो, चादर ओलसर होते, तिला अजूनच कोंडल्यासारखं होतं. कुलर बंद करून नुसता पंखा लावला तर स्लॅबची धग रात्री एक-दीडपर्यंत उतरत नाही.

मंगळवारी दुपारी अडीच तास लाईट गेली. आई झोपलेली होती. उठली आणि मला म्हणाली, "बाबा जेवायला आले का?" बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. अंग गरम होतं, जीभ कोरडी. मी ओला टॉवेल अंगावर टाकला, वारा घातला, घोट घोट पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत भानावर आली. डॉक्टर म्हणाले शरीरातलं पाणी कमी झालं होतं, आणि लघवीच्या गोळीचा डोस तात्पुरता कमी केला. तेव्हापासून मला तिला एकटं सोडून कामावर जायची भीती वाटते. अजून 25 मेपासूनचा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, पुढेच आहे.

मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, बघते तर बहुतेक वेळा 'मध्यम', म्हणजे 101 ते 200 च्या मधे. मग सिगडीच्या वेळेला एवढा त्रास का होतो? खिडकी नेमकी कधी उघडावी, कधी लावावी? घरात एन-95 मास्क लावून ठेवावा का? जुना एसी घेण्यात अर्थ आहे का? ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (नागपूर)

ताई, आधी आकड्याचं सांगतो. धुळीचा एक्यूआय मागच्या 24 तासांची सरासरी असतो. तासाभराचा सिगडीचा धूर त्यात विरघळून जातो, आणि मोजणारं यंत्र तुमच्या गल्लीत नसतंच. आईचा खोकला आकड्यापेक्षा खरा माना.

कुलर गल्लीकडच्या खिडकीत असेल तर काढून दुसऱ्या बाजूला न्या. आमच्या वडिलांसाठी आम्ही हेच केलं, दोन माणसं आणि एक दुपार लागली. ओल्या ताट्या जाड धूळ बऱ्यापैकी धरतात, पण बारीक धूर त्यांतून सरळ आत येतो. म्हणून धुराच्या दीड-दोन तासांत कुलर पूर्ण बंद, खिडक्या बंद, पंखा आणि अंगावर ओलं फडकं. धूर निवळला की पुन्हा कुलर. पहाटे पाच ते सात सगळं उघडं टाका, पण आधी बाहेर उभं राहून वास घ्या. कुणी रात्री कचरा पेटवला असेल तर पहाटेही धूर खाली बसलेला असतो. टाकी आठवड्याला रिकामी करून कोरडी करा, डासांसाठीही ते लागतंच.

आणि गच्चीवर चुना मारा. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो, आणि रात्रीची धग हाच तर तुमचा अर्धा त्रास आहे.

प्रतिसाद (मी नर्स आहे)

ताई, मंगळवारी तुम्ही ओला टॉवेल टाकून वारा घातलात ते बरोबर केलंत. पण उन्हाळ्यात माणूस असंबद्ध बोलायला लागलं की तो उष्माघात समजायचा. पुढच्या वेळी पंधरा मिनिटं वाट बघू नका, आधी 108 ला फोन, मग गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा, काखेत आणि मानेला थंड पट्ट्या. शुद्ध नीट नसेल तर तोंडानं पाणी पाजू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही.

खोलीतलं तापमान 40 च्या वर गेलं की नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो, त्याने शरीर आणखी तापतं. त्वचा ओली हवीच. इनहेलर खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका, बहुतेकांवर 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. ओआरएस द्यायला हरकत नाही, पण आईंना बीपी आणि सूज आहे, तेव्हा दिवसाला किती पाणी आणि किती मीठ हे त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मास्क घरात नको. त्यातून श्वास ओढायला जोर लागतो, सीओपीडीच्या माणसाला तो जड जातो. शिवाय कडक उन्हात दुपारी हवेत ओझोन वाढतो, तो वायू आहे, एन-95 त्याला अडवत नाही. एसीबद्दल: तो धूर गाळत नाही, पण खिडक्या बंद ठेवून खोली थंड ठेवता येते, तुमच्या अडचणीवर एवढं पुरे. परवडत असेल तर फक्त आईंच्या खोलीत लावा.

प्रतिसाद

सिगडीवाल्यांशी एकदा बोलून बघा ना. तक्रार म्हणून नको, आईंचं नाव सांगून.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मागच्या काकूंकडे गेले. त्यांना आई आजारी आहे हे माहीत होतं, पण धूर आमच्याच खिडकीत येतो हे माहीत नव्हतं. आता सिगडी पलीकडच्या टोकाला पेटवून, धूर गेल्यावर घरी आणतात. कालची पहिली संध्याकाळ आईला उबळ आली नाही. कुलर शनिवारी हलवतोय, चुना आणलाय. शेजारच्या वहिनींना एक किल्ली दिली आहे, त्या दुपारी दोनदा डोकावतात. फ्रिजच्या दारावर 108 मोठ्या अक्षरात लिहून लावलंय.

आता अजून एकच विचारायचं आहे. जूनमध्ये पावसाच्या आधीचे आठ-दहा दिवस हवा दमट होते आणि कुलर काहीच काम करत नाही. एसी या वर्षी जमेलसं वाटत नाही. त्या दिवसांत तुम्ही घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी काय करता?